गणिताचे व्याकरण



महाराष्ट्रात नववीच्या गणिताचे जे पाठ्यपुस्तक २०१७ साली आले, त्याच्या पहिल्याच प्रकरणाचे नाव आहे 'संच'. महिरपी कंसात मांडलेली काही अक्षरे, एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळे, आणि त्यांच्याभोवती 'उपसंच', 'रिक्त संच', 'विश्वसंच' असे शब्द. ज्यांचे बाळपण पावकी-निमकी पाठ करण्यात आणि सरळव्याजाची उदाहरणे सोडविण्यात गेले, अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने नातवाचे हे पुस्तक सहज चाळले, तर तो विचारील, 'अरे, यात गणित कोठे आहे? हे तर व्याकरण झाले!'

हा उद्गार थट्टेचा असला तरी खोटा नाही. संच आणि तर्क यांची ही परिभाषा म्हणजे गणिताचे व्याकरणच होय. परंतु व्याकरण कोणाला लागते? आईच्या मांडीवर भाषा शिकणाऱ्या मुलाला ते लागत नाही. बोलण्यात घोटाळा होऊ लागला, एकाच वाक्याचे दोघांनी दोन अर्थ केले आणि त्यावरून तंटा उभा राहिला, म्हणजे व्याकरणाची आठवण होते. गणिताचेही असेच झाले. मोठमोठ्या गणितज्ञांना अगदी लहान शब्दांनी चकविले, आणि त्यातून हे व्याकरण जन्मास आले. ती हकीकत सांगितल्यावाचून नुसती परिभाषा मुलांच्या पुढे ठेवणे म्हणजे औषध देऊन रोगाचे नाव न सांगण्यासारखे आहे.

हे लहान शब्द कोणते? 'सर्व', 'काही', 'नाही', 'आणि', 'किंवा', 'जर' आणि 'तर'. हे शब्द आपण रोज शेकडो वेळा उच्चारतो, आणि ते आपल्याला पूर्ण कळतात अशी आपली समजूत असते. आता एक वाक्य घ्या. 'सगळी मुले आली नाहीत.' शाळेतील शिक्षकाने हे म्हटले, तर एकही मूल आले नाही असा अर्थ घ्यावयाचा, की काही आली आणि काही राहिली असा? मराठीत दोन्ही अर्थ संभवतात. नेमका कोणता ते बोलणाऱ्याच्या स्वरावरून आणि प्रसंगावरून आपण ओळखतो. 'किंवा'चेही तसेच. 'जेवणाबरोबर ताक किंवा दही मिळेल' असे खानावळीत लिहिले असेल, तर दोन्ही मागणाऱ्याला मालक हटकील. पण 'उमेदवार पदवीधर किंवा पाच वर्षांचा अनुभव असलेला पाहिजे' अशी जाहिरात असेल, तर पदवी आणि अनुभव दोन्ही असलेल्याला कोणी परत पाठविणार नाही. शब्द एकच, न्याय निराळा.

आणखी एक वाक्य सांगतो. ते मात्र कृपा करून लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. 'या वाड्यातल्या प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे.' आता ही प्रत्येक कुलपाची आपापली निराळी किल्ली, की साऱ्या कुलपांना चालणारी एकच किल्ली? घरमालकाला हे माहीत असते, म्हणून त्याचे अडत नाही. चोराला मात्र हा फरक फार महत्त्वाचा आहे.

व्यवहारात स्वर, प्रसंग आणि समजूतदारपणा आपल्याला सांभाळून घेतात. गणिताच्या वाक्याला स्वर नसतो आणि प्रसंगही नसतो. तेथे जे लिहिले तेवढेच खरे. असे असूनही फार मोठ्या काळापर्यंत गणिताने आपली वाक्ये घरच्या भाषेतच लिहिली. युक्लिडने आपले सिद्धांत ग्रीक गद्यात मांडले. आपल्या भास्कराचार्यांनी 'लीलावती' पद्यात रचली. बीजगणितात अव्यक्त राशींना 'यावत्तावत्', 'कालक', 'नीलक' अशी नावे देऊन त्यांनी संख्यांची एक सांकेतिक लिपी वापरली; पुढे युरोपात अधिक-उणे, बरोबर अशी चिन्हे रूढ झाली. परंतु ही सारी चिन्हे संख्यांची होती. त्या संख्यांविषयी विधान करणारे 'सर्व', 'काही', 'जर', 'तर' हे शब्द जसेच्या तसे राहिले. त्यांच्याकडे संशयाने पाहण्याचे कोणालाच कारण वाटले नाही.

ते कारण एकोणिसाव्या शतकात घडले, आणि ते घडले पॅरिसमध्ये. ऑगस्टिन कोशी हा त्या काळातला अत्यंत काटेकोर गणितज्ञ. गणितातला ढिलेपणा काढून टाकावा, प्रत्येक पायरी सिद्ध करावी, या हेतूने त्याने १८२१ साली आपला विश्लेषणावरील प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्यात अनंत पदांच्या श्रेढीविषयी एक सिद्धांत होता. ज्यांचे आलेख लेखणी न उचलता काढता येतात, अशा अखंड फलांची अनंत बेरीज घेतली आणि ती प्रत्येक ठिकाणी एका निश्चित किमतीकडे जात असली, तर बेरजेचा आलेखही अखंडच असणार, असे त्याने सिद्ध केले. पाच वर्षांनी, १८२६ मध्ये, नील्स आबेल या तरुण नॉर्वेजियन गणितज्ञाने एका तळटीपेत नम्रपणे नोंदविले की या सिद्धांताला अपवाद दिसतात. त्याने उदाहरणही दिले. त्या श्रेढीतले प्रत्येक पद लाटेसारखे अखंड होते. बेरजेचा आलेख मात्र ठरावीक बिंदूंपाशी तुटून एकदम खाली उडी घेत होता, करवतीच्या दात्यासारखा. त्यानंतर तीनच वर्षांनी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आबेल क्षयाने गेला. चूक दिसली होती, पण ती कोठे आहे हे सापडावयाचे राहिले.

ती सापडली ती १८४७ च्या सुमारास, इंग्लंडात स्टोक्स आणि जर्मनीत सायडेल यांना. आणि पुढे बर्लिनमध्ये कार्ल वायरश्ट्रास याने आपल्या व्याख्यानांतून ती शिस्तीने मांडली. ती काय होती म्हणाल, तर आपल्या वाड्यातली किल्ली! बेरीज खऱ्या किमतीच्या पुरेशी जवळ येण्यासाठी किती पदे घ्यावी लागतात? प्रत्येक बिंदूसाठी अशी एक पदसंख्या असते. पण ती प्रत्येक बिंदूची निराळी, की साऱ्या बिंदूंना पुरेल अशी एकच? पहिल्या अर्थाने कोशीचा सिद्धांत खोटा ठरतो, दुसऱ्या अर्थाने खरा. कोशीच्या मनात नेमके काय होते, याविषयी पंडितांत अजूनही वाद आहेत. त्याने जे शब्द लिहिले त्यांत मात्र हा भेद दिसत नव्हता. 'प्रत्येकासाठी एक आहे' आणि 'एक आहे, जो प्रत्येकाला चालतो' या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. फक्त त्यांचा क्रम बदलला आहे. त्या क्रमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे युरोपातल्या उत्तम बुद्धीची वीस-पंचवीस वर्षे गेली.

योगायोग असा, की त्याच १८४७ साली इंग्लंडात तर्कशास्त्रावरील दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एक जॉर्ज बूलचे, दुसरे ऑगस्टस डी मॉर्गनचे. बूल हा लिंकन गावच्या एका चांभाराचा मुलगा. विद्यापीठात न जाता स्वतःच शिकलेला आणि पोटासाठी शाळा चालविणारा. त्याने एक साधी पण धाडसी कल्पना काढली. एका अक्षराने पांढऱ्या वस्तूंचा समूह दाखवावा, दुसऱ्याने गाईंचा. मग दोन अक्षरांचा गुणाकार म्हणजे पांढऱ्या गाई. पांढऱ्या वस्तूंमधून पुन्हा पांढऱ्याच निवडल्या, तर नवे काहीच निघत नाही. म्हणून येथे कोणत्याही अक्षराचा स्वतःशी गुणाकार तेच अक्षर देतो. साध्या संख्यांत हा नियम पाळणाऱ्या संख्या दोनच, शून्य आणि एक. तेव्हा शून्य म्हणजे काहीच नाही, आणि एक म्हणजे सर्व काही. अशा रीतीने 'आणि', 'किंवा', 'नाही' हे शब्द प्रथमच आकडेमोडीच्या नियमांखाली आले. त्यावेळी हा एक बौद्धिक खेळ वाटला असेल. पण १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखविले, की विजेची बटणे एकापुढे एक जोडली तर 'आणि' होतो, आणि समांतर जोडली तर 'किंवा' होतो. आजचा प्रत्येक संगणक बूलचे हेच बीजगणित करीत असतो.

दुसऱ्या ग्रंथाचा कर्ता डी मॉर्गन याचा जन्म आपल्याच देशात, मदुरा येथे, १८०६ साली झाला. तो सात महिन्यांचा असताना आईबापांनी त्याला इंग्लंडात नेले, आणि पुढे लंडनला तो गणिताचा प्राध्यापक झाला. त्याच्या नावाचे दोन नियम आज शाळेत शिकवितात. त्यांचे तात्पर्य असे. 'तो गायक आणि वादक आहे' हे खोटे ठरविण्यासाठी त्याला दोन्ही येत नाही असे दाखविण्याची गरज नाही. दोहोंपैकी एक येत नाही एवढे पुरे. उलट 'तो गायक किंवा वादक आहे' हे खोटे पाडावयाचे तर मात्र दोन्ही येत नाही हे दाखविले पाहिजे. नकार आत शिरताना 'आणि'चा 'किंवा' होतो, आणि 'किंवा'चा 'आणि'. याच न्यायाने 'पेटीतले सर्व आंबे गोड आहेत' याचे खंडन 'सर्व आंबट आहेत' हे नव्हे. एक आंबट आंबा काढून दाखविला की काम झाले. सभांतून आणि वर्तमानपत्रांतून होणारे आपले निम्मे वाद या एका नियमाच्या अज्ञानावर पोसलेले असतात, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

डी मॉर्गनने आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली. 'नाही' हा शब्द वापरण्यापूर्वी आपण कशाविषयी बोलत आहोत ते क्षेत्र आधी ठरवा. 'जे गोड नाही ते' म्हणजे काय? आंब्यांविषयी बोलत असू तर आंबट आंबे. क्षेत्रच ठरविले नसेल तर दगड, ढग आणि मंगळवार हेही 'गोड नसलेले'च. पाठ्यपुस्तकातला 'विश्वसंच' हा शब्द ऐकून ब्रह्मांडाची कल्पना करण्याचे कारण नाही. तो या क्षेत्राचाच वारस आहे.

याच डी मॉर्गनचा भारताशी पुढे एक हृद्य संबंध आला. दिल्ली कॉलेजातले गणिताचे शिक्षक मास्टर रामचंद्र हे आपल्या विद्यार्थ्यांना उर्दूतून आधुनिक शास्त्रे शिकवीत असत. महत्तम आणि लघुतम मूल्यांची जी उदाहरणे युरोपात कलनशास्त्राने सोडवितात, ती केवळ बीजगणिताने सोडविणारा एक ग्रंथ त्यांनी १८५० साली कलकत्त्यास छापविला. तेथे त्यावर टीकाच अधिक झाली. डी मॉर्गनच्या हाती तो पडला तेव्हा त्याने त्याचे मोल ओळखले, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे त्याची शिफारस केली, आणि १८५९ साली स्वतःच्या प्रस्तावनेसह लंडनमध्ये त्याची आवृत्ती निघाली. बीजगणित ही भारताची स्वतःची परंपरा आहे, तेव्हा त्याच वाटेने भारतीय विद्यार्थ्याला उच्च गणितात नेता येईल, असा या दोघांचा विश्वास होता. ज्या दोन भाषांच्या लोकांनी गणिताचा पाया घातला, त्या ग्रीक आणि संस्कृत भाषांच्या लोकांनीच स्वतंत्रपणे तर्कशास्त्रही उभारले, असेही डी मॉर्गनने अन्यत्र नोंदविले आहे.

ही केवळ पाहुण्याची स्तुती नव्हती. मिथिलेत चौदाव्या शतकाच्या सुमारास गंगेश उपाध्यायांनी 'तत्त्वचिंतामणि' लिहिला, आणि नव्यन्याय नावाची जी शाखा उदयास आली, तिचा सारा खटाटोप वाक्याचा अर्थ निःसंदिग्ध करण्याचाच होता. 'भूतलावर घट नाही' हे नैयायिकांचे नित्याचे उदाहरण. यात अभाव कोणाचा? घटाचा, म्हणून घट हा त्या अभावाचा 'प्रतियोगी'. अभाव कोठे? भूतलावर, म्हणून भूतल हा 'अनुयोगी'. पण एवढ्याने नैयायिकाचे समाधान होत नाही. हा विशिष्ट घट नाही, की कोणताच घट नाही? कोणताच नाही असे म्हणावयाचे असेल तर तो अभाव 'घटत्वाने अवच्छिन्न' आहे, म्हणजे घटपणाच्या मर्यादेत येणाऱ्या साऱ्यांना लागू आहे, असे सांगितले पाहिजे. 'सगळी मुले आली नाहीत' या वाक्याने आपण जो घोटाळा पाहिला, त्याच जातीचा घोटाळा या पंडितांनी चिन्हांवाचून, केवळ संस्कृत सामासिक पदांच्या बळावर सोडविला होता. १९५१ साली डॅनियल इंगॉल्स या अमेरिकन विद्वानाने नव्यन्यायाची आधुनिक तर्कशास्त्राशी तुलना करणारा ग्रंथ लिहिला, तेव्हा हे साम्य पाश्चात्त्य अभ्यासकांच्या नजरेस आले. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्याकडे नैयायिकाची पाठशाळा आणि गणिती-ज्योतिष्याची पाठशाळा शेजारी असूनही निराळ्या राहिल्या. दोहोंमधली भिंत पडली नाही. युरोपात ती पडली, आणि ती पडल्यावर जे घडले ते आता पाहावयाचे आहे.

कोशीला चकविणाऱ्या त्याच लाटांच्या श्रेढींचा अभ्यास जर्मनीतील हाले गावी गेओर्ग कँटर करीत होता. असे एखादे फल दोन निराळ्या श्रेढींनी दाखविता येईल काय, हा त्याचा प्रश्न. १८७० साली त्याने 'नाही' असे उत्तर दिले. मग काही बिंदूंवरची माहिती नसली तरी हे उत्तर टिकेल काय, कोणते बिंदू वगळलेले चालतील, असा विचार करता करता त्याला बिंदूंच्या समूहांकडेच पाहावे लागले. संचांचा सिद्धांत जन्मला तो असा, एका गणिती अडचणीच्या पोटी.

कँटरने विचारले, अनंत समूहांची तुलना करता येईल काय? उत्तर आपल्या पंगतीत आहे. शंभरापर्यंत मोजता न येणारा माणूसही सांगू शकतो की पाने आणि पाहुणे सारखे आहेत. प्रत्येक पानावर एक पाहुणा बसला, पान उरले नाही आणि पाहुणाही उभा राहिला नाही, की झाले. याच मापाने पाहिले तर सम संख्या सर्व संख्यांइतक्याच ठरतात. एकाला दोन, दोनाला चार, तिनाला सहा अशी जोडी लावीत जावे. भाग पूर्णाइतका! गॅलिलिओने १६३८ मध्ये वर्गसंख्यांविषयी हेच पाहिले होते, आणि तो तेथेच थांबला होता. कँटर पुढे गेला. १८७४ साली त्याने सिद्ध केले, की रेषेवरच्या बिंदूंना मात्र अशी संख्यांची पाने कितीही मांडली तरी पुरत नाहीत. म्हणजे अनंतही एका मापाचे नाही! १८७७ मध्ये चौरसातले बिंदू त्याच्या एका बाजूवरील बिंदूंइतकेच आहेत असे त्याला आढळले, तेव्हा आपला मित्र डेडेकिंट याला त्याने कळविले, की हे मला दिसते आहे, पण माझा विश्वास बसत नाही. बर्लिनचा प्रभावी गणितज्ञ क्रोनेकर याला हा सारा प्रकार अमान्य होता. कँटरला बर्लिनमध्ये कधीच जागा मिळाली नाही. १८८४ पासून मनाच्या आजाराने त्याला वारंवार गाठले, आणि १९१८ च्या जानेवारीत हाले येथील रुग्णालयात तो वारला. आज नववीतला मुलगा पहिल्या प्रकरणात ज्याचा संयोग आणि छेद काढतो, त्या संचाची ही किंमत आहे.

त्याच काळात हालेपासून फार दूर नसलेल्या येना गावी गॉटलोब फ्रेगे हा एक एकांतप्रिय प्राध्यापक 'सर्व' आणि 'काही' या शब्दांना चिन्हे देत होता. १८७९ साली त्याने जी छोटी पुस्तिका काढली, तिच्यात किल्लीचा आणि कुलपाचा भेद प्रथमच चिन्हांनी लिहिता येऊ लागला. तिची चिन्हे इतकी विचित्र दिसत, की फारच थोड्यांनी ती वाचली. फ्रेगेची महत्त्वाकांक्षा मोठी होती. सारे अंकगणित शुद्ध तर्कातून, कोणत्याही अनुभवाचा आधार न घेता, सिद्ध करून दाखवावयाचे. १८९३ मध्ये त्याच्या महाग्रंथाचा पहिला खंड आला, आणि १९०२ च्या उन्हाळ्यात दुसरा खंड छापखान्यात होता. अशा वेळी १६ जून १९०२ या तारखेचे एक पत्र त्याला इंग्लंडाहून आले. लिहिणारा होता तीस वर्षांचा बर्ट्रंड रसेल. पत्रात प्रथम मनःपूर्वक प्रशंसा होती. मग लिहिले होते, की फक्त एका ठिकाणी मला अडचण वाटते.

ती अडचण अशी. कोणताही गुणधर्म सांगितला, की तो असणाऱ्या साऱ्या वस्तूंचा एक संच होतो, असे फ्रेगेने गृहीत धरले होते. ऐकावयास किती सरळ! आता एका मोठ्या ग्रंथालयाची कल्पना करा. तेथे अनेक सूचीग्रंथ आहेत. काही सूचींत त्यांचे स्वतःचेही नाव नोंदलेले आहे, काहींत नाही. ग्रंथपालाने हुकूम केला, की ज्यांत स्वतःचे नाव नाही अशा साऱ्या सूचींची एक महासूची तयार करा. लेखनिकाने ती तयार केली. शेवटी त्याला प्रश्न पडला, की या महासूचीत हिचे स्वतःचे नाव घालावयाचे की नाही? घातले, तर ती स्वतःचे नाव असलेली सूची झाली, आणि अशा सूचीला येथे जागा नाही. न घातले, तर ती स्वतःचे नाव नसलेली झाली, तेव्हा तिचे नाव येथे आलेच पाहिजे. व्यवहारात आपण म्हणू, अशी सूची करताच येत नाही. परंतु फ्रेगेच्या नियमाप्रमाणे असा संच असलाच पाहिजे होता. नियमच विसंगत ठरला, आणि त्याच्यावर वीस-बावीस वर्षांचे बांधकाम उभे होते.

फ्रेगेने काय केले? एका आठवड्याच्या आत, २२ जून रोजी, त्याने उत्तर पाठविले. आपल्याला जबर धक्का बसला आहे हे त्याने लपविले नाही. पण हा शोध महत्त्वाचा आहे, त्यातून तर्कशास्त्राची प्रगतीच होईल, असेही मोकळेपणाने लिहिले. १९०३ मध्ये दुसरा खंड निघाला तेव्हा त्याला एक परिशिष्ट जोडलेले होते, आणि त्यात ग्रंथकर्त्यानेच आपल्या ग्रंथाचा पाया हादरल्याचे वाचकांना सांगितले होते. साठ वर्षांनी, १९६२ मध्ये, वृद्ध रसेलने या प्रसंगाची आठवण करून सांगितले, की सत्यनिष्ठेचे असे दुसरे उदाहरण त्याला माहीत नव्हते. शत्रूने चूक काढली तर माणूस भांडतो. चाहत्याने काढली तर रुसतो. फ्रेगेने या दोहोंपैकी काही केले नाही. जो माणूस जन्मभर 'खरे' आणि 'खोटे' यांचे नियम शोधीत होता, त्याने ते नियम स्वतःलाही लावले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. रसेलने व्हाइटहेडच्या सहकार्याने १९१० ते १९१३ या काळात तीन प्रचंड खंडांत नवे बांधकाम केले. त्यात एक अधिक एक दोन या सिद्धांतापाशी येईपर्यंत पहिल्या खंडाची साडेतीनशेहून अधिक पाने खर्ची पडली आहेत. १९०८ मध्ये त्सेर्मेलोने अधिक सोपी वाट काढली. गुणधर्म सांगून हवेतून संच निर्माण करू नका. आधीपासून असलेला एखादा संच दाखवा, आणि त्यातून गुणधर्माने निवड करा. 'आधी कोठार दाखवा, मग धान्य मागा' असा हा न्याय. आज संचांचा शास्त्रीय विचार मुख्यतः याच वाटेने चालतो. आणि १९३१ मध्ये कुर्ट गोडेलने दाखविले, की साध्या अंकगणितापुरती कोणतीही सुसंगत नियमावली कितीही नेटकी केली, तरी जी तिला सिद्धही करता येत नाहीत आणि खोडूनही काढता येत नाहीत अशी विधाने राहतातच. व्याकरणाने भाषा शुद्ध होते, पण संपत नाही.

आता शेवटी शाळेकडे वळू. १९५७ मध्ये रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, आणि आपण मागे पडलो या भीतीने अमेरिकेत गणिताच्या शिक्षणाची नवी रचना सुरू झाली. युरोपातही तिचा जोर होता. संच आणि तर्काची परिभाषा लहान वयापासून शिकवावी, म्हणजे गणिताचा पाया पक्का होईल, अशी कल्पना. हेतू उत्तम होता, पण फळ तसे मिळाले नाही. मुलांना नियमांची भारदस्त नावे पाठ झाली आणि साध्या बेरजा कच्च्या राहिल्या, अशी ओरड झाली. १९७३ मध्ये मॉरिस क्लाइन या गणितज्ञाने या चळवळीवर कडक टीका करणारे पुस्तकच लिहिले. माझ्या मते दोष परिभाषेचा नव्हता, क्रमाचा होता. ज्याला अजून ठेच लागलेली नाही, त्याच्या पायाला पट्टी बांधण्याचा तो प्रकार होता. इतिहासात आधी प्रश्न आला, मग घोटाळा आला, आणि शेवटी चिन्ह आले. वर्गात मात्र चिन्ह प्रथम आले, आणि प्रश्न आलाच नाही.

आपल्या भाषेत तर हे प्रश्न दारातच उभे आहेत. 'सगळी मुले आली नाहीत' हे वाक्य फळ्यावर लिहावे, आणि मुलांना दोन तट पाडून भांडू द्यावे. 'पाऊस पडला तर अंगण भिजते' हे खरे मानले, तर 'अंगण भिजले आहे, म्हणजे पाऊस पडला' हे खरे काय, असे विचारावे. एखादी मुलगी सडा घातल्याची आठवण करून देईलच. 'अंगण कोरडे आहे, म्हणजे पाऊस पडला नाही' हे मात्र खरे, हेही तीच सांगेल. रिकामी पेटी दाखवून म्हणावे, 'या पेटीतले सर्व आंबे पिकलेले आहेत'. खोटे असेल तर एक कच्चा काढून दाखवा. मग रिक्त संच म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. 'संच' हा शब्द तर भांड्यांच्या आणि पुस्तकांच्या संचामुळे घरोघर ओळखीचा आहे. फक्त गणितात त्यातल्या वस्तू एका जातीच्या असल्या पाहिजेत असे बंधन नाही, आणि एखादी वस्तू त्यात आहे की नाही याचे उत्तर मात्र निश्चित असले पाहिजे, एवढे मुलाला सांगावे.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असे आपण म्हणतो. परंतु मागचा शहाणा केव्हा होतो? पुढच्याला ठेच लागली ती वाट आणि तो दगड त्याला दिसला तर. कोशी, कँटर, फ्रेगे यांच्या ठेचा झाकून आपण मुलांच्या हाती नुसती चिन्हे ठेवली, तर त्यांना ती एखाद्या परक्या धर्माच्या मंत्रांसारखी वाटतील. नातवाचे पुस्तक चाळणाऱ्या त्या आजोबांना माझी एवढीच विनंती आहे, की पुस्तक मिटण्यापूर्वी त्यांनी नातवाला जवळ बसवावे आणि विचारावे, 'काय रे, या वाड्यातल्या प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे म्हणतात. म्हणजे किल्ल्या किती?' नातू जर उत्तर देण्यापूर्वी थांबला आणि 'आजोबा, आधी तुम्हाला काय म्हणायचे आहे ते सांगा' असे म्हणाला, तर त्याचे पहिले प्रकरण त्याला समजले असे खुशाल मानावे.